मेटल गिटार: आधी फक्त रिदम पक्की करू की लीड पण सुरू करू? पाम म्यूटचा नुसता गाळ होतोय

शनिवारचा_रियाज
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक प्रश्न आहे. मी कोथरूडला राहतो, नोकरी हिंजवडीला, म्हणजे गिटार हातात येते ती रात्री जेवणं झाल्यावर आणि शनिवार-रविवारी. अकूस्टिक कॉलेजपासून वाजवतोय, बार कॉर्ड वगैरे व्यवस्थित जमतात, सोसायटीच्या गणपतीत गाण्यांना साथ करतो. पण ऐकणं सगळं मेटल, ब्लॅक सॅबथ, आयर्न मेडन, मेटॅलिका, आपल्याकडचे भयानक मौत, डेमॉनिक रेझरेक्शन, आणि आता एकदाची इलेक्ट्रिक घेतलीये, दोन हंबकर (तारांचा आवाज पकडणारे, कमी हमवाले पिकअप), फिक्स ब्रिज, सोबत १० वॅटचा प्रॅक्टिस अँप.

अडतंय कुठे ते सांगतो. डिस्टॉर्शन चॅनल लावून गेन (आवाज किती फाटवायचा त्याचं बटण) फुल केला की पाम म्यूट केलेल्या, म्हणजे तळहाताने तारा दाबून वाजवलेल्या नोट्स वेगवेगळ्या ऐकूच येत नाहीत, सगळा मिळून गाळ होतो, आणि एवढं करून रेकॉर्डवरच्या गिटारसारखा जाडपणा काही येत नाही. दुसरं म्हणजे फास्ट रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) घेतला की उजवा हात कोपरापासून आखडतो, अर्ध्या मिनिटात भरून येतो. तिसरं, व्हिडिओ बघून स्वीप (पिक एका ओढीत बऱ्याच तारांवरून नेणं), टॅपिंग (उजव्या हाताच्या बोटांनीही फ्रेटवर वाजवणं) सगळं थोडं थोडं करून बघितलं, एकही धड येत नाही. एक मित्र म्हणतो वर्षभर फक्त रिदम (साथीचे रिफ) कर, लीडचं (सोलोचं) नाव काढू नकोस, दुसरा म्हणतो स्केल पाठ कर बाकी आपोआप येईल. त्यात खालच्या मजल्यावर वयस्कर आजी-आजोबा आहेत, त्यामुळे आवाज मोठा करायचा प्रश्नच नाही. ज्यांनी हे खरंच वाजवलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

डाऊनपिक_दादा
मित्रा, आधी गेन निम्म्यावर आण, पाचच्या आसपास. रेकॉर्डवर जो जाडपणा ऐकू येतो तो एका गिटारचा नसतोच. तोच रिफ निदान दोनदा वेगवेगळा वाजवून एक टेक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवलेला असतो, खाली बेस गिटार असते, म्हणजे तू जे गेनने भरून काढायला बघतोयस ते खरं दुसऱ्या टेकने आणि बेसने भरलेलं असतं. मेटॅलिकाच्या ८० च्या दशकातल्या अल्बमवर रिदम गिटार जवळजवळ सगळी एकट्या जेम्स हेटफिल्डने थरावर थर चढवून वाजवलीये, आणि ते थर एकमेकांवर चपखल बसतात कारण उजवा हात दर वेळी तसाच्या तसा पडतो. गेन जास्त झाला की हळू वाजलेलं आणि जोरात वाजलेलं एकाच पातळीला येतं, तारेवरची प्रत्येक घासाघीस वर येते आणि नोट नक्की सुरू कुठे झाली तेच कळत नाही. अँपवरचं बेसचं बटण पण थोडं खाली घे आणि मिड्स (मधल्या पट्टीचा आवाज) सहापर्यंत वर ने. घरी एकट्याला मिड्स काढून टाकलेला आवाज भारी वाटतो हे खरं, पण ड्रम आणि बेस सोबत आले की तीच गिटार गायब होते.

आता पाम म्यूट. तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजच्या सॅडलवर (तार टेकते त्या तुकड्यावर) टेकव, जिथे तार सॅडलवरून सुटते बरोबर त्या रेषेवर. दोन-तीन मिलिमीटर पिकअपकडे सरकलास की सूरच मरतो, नुसता ठक्क आवाज येतो. मागे गेलास की तार मोकळी वाजते. या दोन्हीच्या मध्ये एक जागा आहे जिथे सूर पण कळतो आणि नोटची शेपटी पण कापली जाते, ती ज्याची त्याने शोधायची, कारण प्रत्येकाचा हात वेगळा आणि ब्रिज वेगळा. शोधताना डिस्टॉर्शन बंद ठेव, जाडी ई तार ओपन एकसारखी वाजवत राहा आणि हात केसभर पुढे-मागे करत ऐक. दाबायचं मात्र नाही, हाताचं वजन आहे तेवढं पुरे. मग डिस्टॉर्शन लाव, चार म्यूट नोट्स वाजव आणि थांब. थांबलास त्या क्षणी शांतता झाली पाहिजे. आवाज घरंगळत राहिला तर एकतर गेन जास्त आहे नाहीतर डावा हात बाकीच्या तारा झाकत नाहीये. ओपन ई म्यूट करताना डाव्या हाताची बोटं वरच्या तारांवर अलगद पडून राहिली पाहिजेत, हे व्हिडिओत कोणी फारसं सांगत नाही आणि निम्मा गाळ तिथूनच येतो.

हात भरून येतो कारण तू कोपरातून मारतोयस. हालचाल मनगटातून हवी आणि छोटी हवी, पिकचं नुसतं टोक तारेला लागायला हवं, तार ओलांडली की लगेच परत. पिक पातळ असेल तर बदल, १ मिलिमीटरच्या वरचा घे, पातळ पिक वाकतो आणि परत सरळ होईपर्यंत उशीर होतो. हेटफिल्ड १९८६ च्या मास्टर ऑफ पपेट्समध्ये २१० बीपीएमच्या (मिनिटाला २१० मात्रा) आसपास आठव्या भागाच्या नोट्स, म्हणजे मात्रेला दोन, सगळ्या डाऊन वाजवतो, म्हणजे सेकंदाला सात स्ट्रोक. खाली-वर वाजवून वेग सहज मिळतो पण प्रत्येक नोटला तो सारखा धक्का येत नाही, सगळा खेळ त्या धक्क्याचा आहे. २०११ ला बंगलोरला पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिका आली होती तेव्हा मी स्क्रीनवर पूर्ण वेळ त्याचा उजवा हातच बघत होतो, मनगटाच्या वरचं जवळजवळ काही हलत नाही. तू १२० पासून सुरू कर, दोन मिनिटं हात न आखडता झाली की ५ ने वाढव, नाही झाली तर तिथेच राहा. आणि एक नीट लक्षात ठेव, हात भरून येणं वेगळं आणि मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी चमक येणं वेगळं. चमक आली की गिटार ठेवून द्यायची, दोन-चार दिवसांत गेली नाही तर डॉक्टरला दाखवायचं.

लीडचं विचारशील तर मी तुझ्या पहिल्या मित्राच्या बाजूने आहे.

चौगुन
दादांचं रिदमबद्दल शंभर टक्के पटलं, लीडबद्दल नाही पटलं पण ते नंतर कोणीतरी बोलेलच. मी लहानपणी तबला शिकले, गिटार नंतर आली, त्यामुळे मला जे दिसतं ते लयीच्या बाजूने सांगते.

मेट्रोनोम ८० ला लाव. तेवढ्याच लयीत एका मात्रेला एक नोट, मग दोन, मग तीन, मग चार, मग परत उतरत एकवर, मध्ये न थांबता. सगळं एका ओपन तारेवर, पाम म्यूट करून. तिगुनीवरून चौगुनीला जाताना बहुतेकांचा हात धावतो आणि तिथेच कळतं की मोजणं डोक्यात नाहीये, हात नुसता अंदाजाने चाललाय. हे नीट होईपर्यंत वेग वाढवण्यात काही अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मग गॅलप घे, आयर्न मेडन ऐकतोस म्हणजे कानात असेलच. एका मात्रेचे चार सारखे भाग कर, पहिला वाजव, दुसरा सोड, तिसरा आणि चौथा वाजव. पिक डाऊन, मग डाऊन-अप. सगळ्यांचं चुकतं ते इथे, वेग वाढला की त्या दोन छोट्या नोट्स अलीकडे सरकतात आणि तीन नोट्स सारख्या अंतरावर येऊन तिगुन होऊन बसते. ऐकायला साधारण सारखंच वाटतं पण ड्रमबरोबर वाजवलं की लगेच उघडं पडतं. फोनवर रेकॉर्ड कर आणि निम्म्या वेगाने ऐक, लगेच कळेल. उलटा गॅलप म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा वाजवायचा आणि चौथा सोडायचा, तो पण याच पद्धतीने घोट. दोन्ही जमले की एक बार सरळ, एक बार उलटा असं आलटून पालटून.

आणि पाय. पायाने मात्रा देत राहा, बसून वाजवत असशील तरी. रिफमधली रिकामी जागा पण मोजून वाजवायची असते, मेटलमध्ये तर जास्तच, कारण सगळा बँड एकाच क्षणी थांबतो आणि एक जरी गिटार उरली तरी सगळं ओंगळ वाटतं.

पॉवर कॉर्डमध्ये फक्त सा आणि प का असतात ते पण सांगून टाकते, कारण बार कॉर्डची सवय आहे तुला. डिस्टॉर्शनमध्ये दोन सुरांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन नवे सूर तयार होतात. सा-पचं नातं ३:२ असं सोपं आहे म्हणून जे तयार होतं ते त्याच घरातलं निघतं आणि कॉर्ड जाड वाटतो. पूर्ण मेजर कॉर्ड वाजवलास की गंधारामुळे त्यात खरखर येते. म्हणून भरपूर गेनवर बार कॉर्ड वाजवला की तुला वाटणार आपलंच काहीतरी चुकतंय, पण तसं नसतं.

शनिवारचा_रियाज
दादा, चौगुन ताई, दोघांचे मनापासून आभार. गेन पाचवर आणला आणि तळहाताची ती जागा शोधली, फरक इतका आहे की मी तोच रिफ परत परत वाजवत बसलो. गॅलप रेकॉर्ड केला, ताई म्हणतात तसंच झालंय, ११० च्या पुढे तिगुन होतेय, तर आता ९० वर बसलोय.

आता गेन कमी केल्यावर मागचा हम ऐकू यायला लागलाय, तारांवरचा हात काढला की वाढतो, हात ठेवला की कमी होतो. बिल्डिंग जुनी आहे, अर्थिंगचा प्रश्न असेल का? आणि आवाजासाठी लॅपटॉपवर हेडफोन लावून वाजवायचा विचार करतोय, त्याने हात बिघडत नाही ना?

जुनी_वायरिंग
हात ठेवल्यावर कमी होतो म्हणजे गिटारच्या आतली तारांची अर्थ जोडणी ठीक आहे, हे नॉर्मल आहे, घाबरायचं कारण नाही. आता गिटारचा व्हॉल्यूम शून्य कर. हम गेला तर तो गिटार आजूबाजूचा पकडतेय, दिव्याचा डिमर, लॅपटॉपचा चार्जर, फोन, यांच्यापासून लांब बस आणि गिटार हातात धरूनच खुर्ची फिरवून बघ, एका दिशेला लक्षणीय कमी होतो. व्हॉल्यूम शून्य करून पण राहिला तर अँप किंवा सॉकेट बघायला हवं. जुन्या बिल्डिंगमध्ये तीन पिनचं सॉकेट दिसतं पण तिसरी पिन आत कुठेच जोडलेली नसते, हे मी सदाशिव पेठेत, नारायण पेठेत बऱ्याच घरांत बघितलंय. इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घे. हम घालवायला म्हणून अँपच्या प्लगची अर्थ पिन कापायची किंवा दोन पिनचा अडॅप्टर लावायचा असले उपाय कोणी सांगितले तर अजिबात ऐकू नकोस, जिवावरचं काम आहे. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी बंद.

हेडफोनने हात बिघडत नाही, उलट सगळं उघडं ऐकू येतं. साधा ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडायचा डबा) घे, थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नकोस. विंडोज असेल तर एएसआयओ ड्रायव्हरच वापर आणि बफर १२८ किंवा त्याखाली ठेव, नाहीतर पिक मारल्यावर आवाज उशिरा येतो आणि तू नकळत लयीच्या पुढे वाजवायला लागतोस, ते मात्र खरंच हात बिघडवतं. न्यूरल अँप मॉडेलर हे अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलं आहे, फक्त त्याच्या नंतर कॅबिनेटचा आयआर (स्पीकरच्या आवाजाची फाइल) लावायला विसरू नकोस, नाहीतर माश्या घोंगावल्यासारखा आवाज येईल. अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर टाइपचा ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शनचा इफेक्ट) ठेव, ड्राइव्ह शून्य, लेव्हल जवळजवळ फुल. तो डिस्टॉर्शनच्या आधीच खालचा बेस कापतो आणि पाम म्यूट एकदम घट्ट होतो. नॉइज गेट (वाजवत नसताना आवाज बंद करणारा इफेक्ट) लाव पण शेवटी, आणि हलका, हाताचं म्यूटिंग जमेपर्यंत गेट बंदच ठेवलास तर बरं.

बेंड_आधी
आता लीडचं मी बोलतो. वर्षभर लीडला हात लावू नको हे मला अजिबात मान्य नाही. बेंड (तार ढकलून सूर चढवणं) आणि व्हायब्रॅटो (सूर हलवत ठेवणं) यायलाच वर्ष-दोन वर्ष लागतात, मग ते वर्षभराने कशाला सुरू करायचं? स्वीप आणि टॅपिंग मागे ठेव हे मान्य. रोजच्या वेळातली दहा-पंधरा मिनिटं बेंडला दे, बाकी सगळी रिदमला.

तिसऱ्या तारेवर, म्हणजे जी तारेवर, नववा फ्रेट वाजव, तो सूर कानात धर. आता सातव्या फ्रेटवर अनामिका ठेव, तिच्या मागे मधलं बोट आणि तर्जनी पण त्याच तारेवर, अंगठा मानेच्या वरून आणि तार वर ढकल ती त्या सुरापर्यंत, थांब तिथे, परत नववा वाजवून ताडून बघ. बोटाने ढकलायचं नाही, तर्जनीचं मूळ मानेला टेकवून मनगट फिरवायचं, किल्ली फिरवतात तसं. बहुतेक लोक थोडं अलीकडेच थांबतात आणि त्यांना ते कळत पण नाही. आपण सुरांच्या बाबतीत एवढे काटेकोर, गाणाऱ्याचा निषाद जरा उतरला की सवाई गंधर्वला शेजारचा माणूस मान हलवतो, आणि गिटारवर मात्र पाव सूर कमी बेंड चालवून घ्यायचा? व्हायब्रॅटो पण तसाच, लयीत आणि सारख्या रुंदीचा. मेट्रोनोमवर एका मात्रेत चार वेळा तार वर-खाली, मोजून, हळू. सोलो ऐकताना कोण वाजवतंय ते आपण नव्वद टक्के वेळा व्हायब्रॅटोवरून ओळखतो.

स्केलचं, तुझा दुसरा मित्र पाठ कर म्हणतो ते अर्धवट आहे. तुला कानाने आधीच बरंच येतंय. नॅचरल मायनर म्हणजे आसावरी थाटाचे सूर. फ्रिजियन म्हणजे भैरवीचे सूर, ओपन ई आणि पहिल्या फ्रेटचा एफ, सा आणि कोमल रे, एवढ्यावर निम्मे थ्रॅश रिफ उभे आहेत. हार्मोनिक मायनर म्हणजे किरवाणी. आणि ते जे इजिप्शियन-अरबी वाटणारं स्केल मेटलवाले सारखं वापरतात, फ्रिजियन डॉमिनंट, त्याचे सूर बसंत मुखारीचे आहेत. राग वाजव म्हणत नाहीये, रागाचं चलन वेगळी गोष्ट आहे, पण सूर कानात असले की बोटं कमी चुकतात. आधी गुणगुण आणि मग तेच गिटारवर शोध.

वेगासाठी एका तारेवर तीन नोट्स, अल्टरनेट पिकिंग. वेग अडतो तो बोटांमुळे क्वचितच, अडतो दोन हात एकत्र पडत नाहीत म्हणून, डावा पुढे पळतो. क्लीन आवाजावर कर, डिस्टॉर्शन सगळं झाकतं. पिंच हार्मोनिक मात्र डिस्टॉर्शनवरच शिक, पिक तारेवरून गेल्या गेल्या अंगठ्याची कड तारेला निसटती लागली पाहिजे, आणि कुठे मारतोस त्यावर शिट्टीचा सूर बदलतो, ब्रिज आणि नेक पिकअपच्या मधली जागा इंच इंच शोध.

डाऊनपिक_दादा
बेंडचं मान्य, दहा-पंधरा मिनिटं करू दे. पण शिकवताना मी बघितलंय की लीड हातात आलं की मुलं रिदमकडे वळून बघत नाहीत, म्हणून तसं म्हणालो. बँडमध्ये तू नव्वद टक्के वेळ रिदम वाजवणार आहेस, सोलो अर्ध्या मिनिटाचा असतो.

स्वीपबद्दल एकच सांगतो, पुढे कधीतरी लागेल. तीन तारांवरच्या मायनर आर्पेजिओपासून (कॉर्डचे सूर एकेक करून वाजवणं) सुरू कर, पाच तारांच्या मागे लागू नको. पिकची एकच सलग हालचाल, पण डाव्या हाताने प्रत्येक नोट वाजली की बोट लगेच ढिलं करायचं, एका वेळी एकच सूर ऐकू आला पाहिजे. दोन ऐकू आले की तो स्ट्रम झाला.

शनिवारचा_रियाज
हे सगळं लिहून ठेवलंय. इलेक्ट्रिशियन आला होता, तिसरी पिन खरंच जोडलेली नव्हती, आता हम बराच कमी आहे.

शेवटचा प्रश्न, मला ड्रॉप डी (जाडी ई तार डी पर्यंत उतरवणं) आणि पुढे ड्रॉप सी (सगळं आणखी एक सूर खाली) पण वाजवायचंय. आत्ता ०९ च्या (सगळ्यात पातळ तार ०.००९ इंच) तारा आहेत, ड्रॉप डी केलं की जाडी तार लुळी पडते आणि जोरात मारलं की सूर आधी चढतो मग खाली येतो. कुठल्या तारा लावू?

जुनी_वायरिंग
ड्रॉप डी साठी १० ते ५२ चा सेट घे, खालच्या तारा जाड आणि वरच्या बेंडला मऊ. ड्रॉप सी ला ११ ते ५४ किंवा ५६. दोन्ही ट्यूनिंग एकाच गिटारवर रोज बदलत राहू नकोस, एक धर. तार हलकी की जाड यात मर्दुमकी काही नाही हे पण सांगतो. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या कारखान्यात मशीनमध्ये गेली, तो डावखुरा असल्यामुळे तोच हात फ्रेटवर होता. त्याने वितळवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या करून बोटांना लावल्या, अगदी हलक्या तारा लावल्या, आणि पुढे १९७१ च्या अल्बमपासून बोटांना ताण कमी पडावा म्हणून ट्यूनिंग दीड सूर खाली नेलं. मेटलचा तो खोल आवाज अशा हलक्या, ढिल्या तारांवर तयार झालाय. पण तू हेटफिल्डसारखा मारणार असशील तर जाड तार लागेल.

जाड तारा लावल्यावर तीन गोष्टी बघाव्या लागतात. नटची (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) खाच अरुंद असेल तर जाडी तार तिथे अडकते, ट्यूनिंग करताना टिक् असा आवाज आला तर समज, दुकानात देऊन खाच घासून घे, स्वतः कानस लावू नकोस. मान पुढे ओढली जाईल, ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी नाही, आणि एक दिवस तसंच ठेवून परत बघ. पुण्यात जून ते सप्टेंबर तसंही मान हलते, तेव्हा पावसाळ्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा तपासायची सवय ठेव. शेवटी इंटोनेशन (फ्रेटवर दाबलेले सूर बरोबर येतात का), बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून बघ, दाबलेला चढा येत असेल तर सॅडल मानेपासून लांब सरकव, उतरता येत असेल तर जवळ.